फ्रेंच प्रेसची कॉफी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

फ्रेंच प्रेस हौसेनं घरी येतो, आठवडाभर ओट्यावर मिरवतो आणि मग माळ्यावर सँडविच टोस्टरच्या शेजारी जाऊन बसतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "कडू होते हो कॉफी. आणि शेवटचा घोट म्हणजे सगळा गाळ." तक्रार खरी असते, पण त्यात भांड्याचा दोष फारसा नसतो. घरात फिल्टर कॉफीची पूड असते, बारीक दळलेली आणि चिकोरी घातलेली. तीच प्रेसमध्ये जाते, वर उकळतं पाणी पडतं आणि मग दात-ओठ खाऊन दट्ट्या खाली दाबला जातो. पूड बदला आणि दाबण्याचा सोस सोडा, नवख्या माणसालाही पहिल्याच दिवशी बरी कॉफी जमते.

यात होतं काय

काचेचं किंवा स्टीलचं उभट भांडं, झाकणातून खाली उतरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाळी, एवढंच हे उपकरण. दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी पुडीतून थेंब थेंब झिरपतं. इथे पूड आणि पाणी काही मिनिटं एकाच भांड्यात मुरतात आणि ओतताना जाळी पुडीला मागे अडवून धरते. कागदी गाळणी नसल्यामुळे कॉफीतलं तेल आणि अगदी बारीक कण कपात उतरतात, म्हणून ही कॉफी बिनदुधाची असूनही जिभेला दाट लागते.

जाळीच्या दट्ट्याचं पेटंट फ्रान्समध्ये मायेर आणि देलफोर्ज यांनी १८५२ मध्येच घेतलं होतं. आज आपण वापरतो त्याच्या जवळ जाणारा नमुना मात्र मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांचा, १९२९ चा. पुढे १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी यांनी त्यात सुधारणा केली आणि त्यांचे प्रेस फ्रान्समधल्या एका क्लॅरिनेटच्या कारखान्यात बनू लागले. तेव्हापासून या भांड्यात नाव घेण्यासारखा बदल झालेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टरमध्ये तो अडकतो, धातूच्या जाळीत अडकत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर रोज तीन-चार कप प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, किंवा तयार कॉफी कागदी फिल्टरमधून गाळून घ्या.

प्रेस घेताना

खोक्यावर "८ कप" छापलेलं असलं म्हणून आठ पाहुण्यांचा हिशेब करू नका. तिथे कप जेमतेम १२०-१२५ मिलीचा धरलेला असतो. ८ कपी प्रेस म्हणजे १ लिटर, त्यात आपले तीन-चार मग भरतात. ३ कपी म्हणजे ३५० मिली. एकट्याला तेवढा पुरे. दोघांना ६०० मिलीचा. "असू दे मोठा, कधी पाहुणे आले तर" म्हणून लिटरचा घेऊन त्यात रोज एक कप करू नका, मोठ्या भांड्यात थोडी कॉफी चटकन निवते.

काच की स्टील? दुहेरी भिंतीचा स्टीलचा प्रेस कॉफी गरम ठेवतो आणि हातातून निसटला तरी फुटत नाही. तरी पहिला प्रेस काचेचा घ्यावा असं माझं मत. आत काय चाललंय ते दिसतं, आणि शिकताना ते दिसायला हवं. काच बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी आहे ना, ते बघून घ्या. दुकानात घेत असाल तर दट्ट्या एकदा खालीवर करून बघा: जाळीच्या कडेची स्प्रिंग काचेला सगळीकडून टेकली पाहिजे. एका बाजूनं फट दिसली तर तो प्रेस परत ठेवा.

कॉफी कोणती

पाकीट उलटं करून आधी चिकोरी शोधा. ८०:२०, ७०:३० असे आकडे दिसले, तर त्यातला दुसरा आकडा चिकोरीचा. चिकोरी ही एका झाडाची मुळी, भाजून दळलेली. दुधाच्या फिल्टर कॉफीत तिची मजा आहेच. रंग येतो, दाटपणा येतो. पण बिनदुधाच्या कॉफीत ती कॉफीला बोलूच देत नाही. प्रेससाठी निव्वळ कॉफी हवी. इन्स्टंटची पूड तर पाण्यात विरघळून जाते, तिला प्रेस लागतच नाही.

पाकिटावरचे बाकीचे शब्द: अरेबिका सौम्य आणि सुगंधी, रोबस्टा कडक, कडवट आणि कॅफिननं जवळजवळ दुप्पट. "प्लँटेशन" म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली अरेबिका, "चेरी" म्हणजे अख्ख्या फळासकट वाळवलेली. "पीबेरी" म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी भरलेली. जागांची नावं चिकमगळूर, कोडगू, वायनाड, अराकू अशी असतील. चिकमगळूरजवळच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून लावल्या, अशी कथा सांगतात. देशातली बहुतेक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही थोडी होते. तिकडे फिरायला गेलात तर एक पाकीट आणायला हरकत नाही.

सुरुवातीला मध्यम भाजलेली, म्हणजे मीडियम रोस्ट अरेबिका घ्या. लाइट रोस्ट पहिल्याच वेळी घेतली तर "ही आंबलीय का?" असा प्रश्न पडतो, कारण तिच्यात फळासारखा आंबटपणा मुद्दाम राखलेला असतो. आंबटपणा मुळीच नको असेल तर मॉन्सून मलबार शोधा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत कॉफीच्या बिया पसरून त्यांना दमट समुद्री वारा खाऊ देतात. बिया फुगतात, फिकट पिवळ्या पडतात आणि आंबटपणा जवळपास जातो. प्रेसमध्ये ही कॉफी भारी जड आणि गोलसर लागते.

भाजल्याची तारीख छापलेली असेल तर ती बघा. भाजल्यापासून महिना-दीड महिन्याच्या आत संपेल एवढीच घ्या. दोघांच्या घराला २५० ग्रॅम पुष्कळ होते. हवाबंद डब्यात, ओट्यापासून आणि उन्हापासून लांब ठेवा. फ्रीजमध्ये नको: डबा आतबाहेर होताना त्यात दमटपणा शिरतो, आणि शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास कॉफी आनंदानं घेते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर डबा उघडा टाकून फोनवर बोलत बसू नका.

दळण: इथे वेळ घालवा

सगळा खेळ इथे आहे. प्रेसची पूड जाड्या रव्यासारखी हवी: चिमटीत घेतली तर प्रत्येक कण वेगळा लागला पाहिजे. फिल्टर कॉफीची पूड याच्या निम्म्यानंही जाड नसते. बारीक पुडीनं तीन गोष्टी बिघडतात. तिच्यातला कडवटपणा आणि तुरटपणा लगेच पाण्यात उतरतो, ती जाळीतून निसटून कपात जाते, आणि जाळीच्या भोकांत अडकून दट्ट्याला अडवते. मग माणूस जोर लावतो.

सोपा मार्ग म्हणजे दुकानातून दळून आणणं. माटुंग्यासारख्या ठिकाणी कॉफी डोळ्यांदेखत भाजून-दळून देणारी दुकानं आहेत. तिथे "बिनचिकोरीची, फ्रेंच प्रेससाठी, जाड" असं तिन्ही सांगा. नुसतं "कॉफी पावडर द्या" म्हटलं तर फिल्टरची बारीकच मिळेल. ऑनलाइन मागवताना दळणाच्या यादीत फ्रेंच प्रेस असा पर्याय असतो. दळलेल्या कॉफीचा वास मात्र दहा-बारा दिवसांत उतरतो, म्हणून थोडी थोडी आणा.

घरी दळायचं तर हातानं फिरवायचा बर ग्राइंडर उत्तम. त्यात बिया दोन दातेरी चक्क्यांमधून जातात, त्यामुळे कण सारखे पडतात. तो लगेच घ्यायची गरज नाही. मिक्सरचं चटणीचं भांडं चालतं, पण त्याची एक पद्धत आहे:

आदल्या रात्री भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून काढा, नाहीतर कॉफीला जिऱ्या-मिरचीचा वास येणार म्हणजे येणारच. बिया मोजून घाला, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. सलग फिरवू नका. एक-दोन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं उचलून हलवायचं, पुन्हा फिरवायचं. पाच-सहा वेळा असं केलं की बघा. पातं आहे तिथे पीठ होतं आणि कडेला अख्ख्या बियांचे तुकडे राहतात, म्हणून मध्ये हलवणं टाळता येत नाही. शेवटी पिठाच्या चाळणीतून हलक्या हातानं चाळून घ्या. जो भुगा खाली पडेल तोच कपातला गाळ होणार होता. तो टाकवत नसेल तर दुधात उकळून, गाळून प्या. प्रेसमध्ये घालू नका.

प्रमाण आणि पाणी

१ भाग कॉफीला १५ भाग पाणी, वजनानं. ३५० मिलीच्या प्रेसमध्ये ३०० मिली पाणी आणि २० ग्रॅम कॉफी. ६०० मिलीच्या प्रेसमध्ये ५०० मिली पाणी, ३३ ग्रॅम. लिटरच्या प्रेसमध्ये ९०० मिली, ६० ग्रॅम. गळ्याशी थोडी जागा मोकळी ठेवावी लागते, वर फेस येतो. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे ३०० मिली ओतलं तरी कपात अडीचशेच्या आसपास येईल.

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर काम सोपं. नसेल तर मापाच्या संचातला १५ मिलीचा सपाट चमचा म्हणजे जाड दळलेली अंदाजे ५ ग्रॅम कॉफी धरा. २० ग्रॅमला चार चमचे. ज्यांना हे फार वाटतं त्यांनी एकदा तरी याच मापानं करून बघावी. कमी कॉफी घालून जास्त वेळ मुरवली की ती कडक होत नाही, पांचट आणि कडू दोन्ही होते.

पाणी पिण्याचंच घ्या. बोअरिंगचं जड पाणी कॉफीची चव मारतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांत हा फरक ठळक जाणवतो. तापमान ९२ ते ९६ अंश हवं, पण त्यासाठी थर्मामीटर आणायला नको. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. पुण्यात ते ९८ च्या जवळपास उकळतं, महाबळेश्वरला साधारण ९५-९६ ला, तेव्हा तिकडे थांबायचं कारणच नाही. खूप काळी भाजलेली कॉफी असेल तर मात्र पाणी मिनिटभर निवू द्या, कडूपणा कमी उतरतो.

आता कृती

१. प्रेसमध्ये थोडं गरम पाणी घालून तो विसळा आणि पाणी ओतून टाका. गार काचेवर एकदम उकळतं पाणी पडलं तर तडा जायची भीती असते, आणि गार भांडं पाण्याची उष्णताही खातं. प्रेस ओल्या ग्रॅनाइटवर ठेवू नका, खाली लाकडी पोळपाट किंवा घडी घातलेलं फडकं असू द्या.

२. पूड घाला, भांडं हलवून सपाट करा, मोबाइलवर चार मिनिटं लावा आणि सगळं पाणी एकदम ओता. पुडीचा एकही कोरडा गोळा राहू नये. पूड ताजी असेल तर लगेच बुडबुडे येऊन ती फुगून वर येते. भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. काहीच फुगलं नाही तर कॉफी जुनी आहे.

३. झाकण ठेवा, दांडा वरच ओढलेला. चार मिनिटं हात लावू नका.

४. चार मिनिटांनी झाकण काढा. वर पुडीचा जाड, काळपट तपकिरी थर जमलेला असतो. लाकडी चमच्यानं तो दोन-तीनदा हलकेच मोडा, स्टीलचा चमचा काचेवर आपटतो. थर मोडताक्षणी खालून वाफेबरोबर वासाचा लोट येतो, आणि इतका वेळ तरंगत असलेले कण एकेक करून तळाला जायला लागतात. वर उरतो फिकट बदामी फेस आणि थोडे हट्टी तुकडे. ते दोन चमच्यांनी काढून टाका.

५. आता अजून पाच मिनिटं थांबा. लोक इथेच घाई करतात. बरिस्ता म्हणजे कॉफी बनवणारे, त्यांच्या जागतिक स्पर्धेचे २००७ चे विजेते जेम्स हॉफमन यांनी ही पद्धत लोकप्रिय केली, आणि एकदा अशी कॉफी प्यायल्यावर जुन्या घाईच्या पद्धतीकडे जावंसं वाटत नाही. एवढा वेळ ठेवली तर कडू होणार नाही का? पूड जाड असली तर होत नाही. बहुतेक अर्क पहिल्या काही मिनिटांत उतरलेला असतो, पाणी निवत असतं आणि पूड तळाला शांत बसलेली असते. या वेळात गाळ खाली बसतो आणि कॉफी तोंडाला सोसेल इतकी निवते.

६. झाकण लावा आणि दट्ट्या फक्त पृष्ठभागाला टेकेपर्यंत खाली आणा. तळापर्यंत दाबू नका. दाबलं की बसलेला गाळ ढवळला जातो. जाळी वरच गाळणीचं काम करते.

७. सावकाश, एका धारेत ओता. शेवटचे दोन-तीन चमचे तळाशी राहू द्या, त्यातच गाळ असतो. दुसरा कप नंतर प्यायचा असेल तर तो थर्मासमध्ये काढून ठेवा. प्रेसमध्येच ठेवलेली कॉफी मुरत राहते आणि अर्ध्या तासानं तोंडात घालवत नाही.

ज्यांना दट्ट्या तळापर्यंत दाबायचाच आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं: अडकला तर जोर लावू नका. थोडा वर उचला, क्षणभर थांबा, पुन्हा हळू खाली न्या. काचेच्या भांड्यावर अंगाचा भार टाकून दाबलं तर उकळती कॉफी झाकणाच्या कडेनं उसळते, काच फुटूही शकते. मुलं ओट्याशी लुडबुडत असतील तर त्यांना आधी बाजूला करा.

दूध, साखर, जायफळ

बिनदुधाचीच प्यायला हवी असा काही नियम नाही. दुधाची हवी असेल तर प्रमाण १:१२ करा, म्हणजे ३०० मिलीला २५ ग्रॅम, आणि गरम दूध कपात वेगळं घाला. दूध प्रेसमध्ये ओतलं की जाळीत साय अडकते आणि दुसऱ्या दिवशी वास मारते. घरातल्या मोठ्यांना जायफळाची कॉफी आवडत असेल तर जायफळही कपातच, किसणीवर एकदा फिरवून. जास्त झालं तर दुसरं काही कळतच नाही.

प्रेसचा एक जोडधंदा: कॉफी ओतून, भांडं धुऊन त्यात पाव उंचीपर्यंत कोमट-गरम दूध घ्या आणि दट्ट्या वीसेक वेळा भराभर खालीवर करा. छान घट्ट फेस येतो. पावापेक्षा जास्त भरू नका, दूध दुप्पट फुगतं. झाल्यावर जाळी लगेच धुवा.

चव जमली नाही तर

कडू, तुरट, घशाशी कोरडं लागतंय: पूड अजून जाड करा. तरीही तसंच असेल तर पाणी थोडं निवू द्या, नाहीतर कमी भाजलेली कॉफी आणा. आंबट आणि पोकळ लागतेय: पूड जरा बारीक करा आणि पाणी उकळी फुटल्या फुटल्या ओता. नुसती पांचट: कॉफी वाढवा, वेळ नको. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, पाणी आणि प्रमाण एकाच सकाळी बदललं तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही.

धुणं

गाळ सिंकमध्ये ओतू नका. तो पाईपमध्ये बसून घट्ट होतो आणि प्लंबर येईपर्यंत निघत नाही. भांड्यात थोडं पाणी घालून हलवा, जुन्या चहाच्या गाळणीवर ओता आणि गाळ ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टच्या डब्यात टाका. कुंडीत घालायचा तर अगदी थोडा, मातीत मिसळून. जाड थर दिला तर त्याला बुरशी धरते.

रोज नुसतं विसळलं तरी चालतं, पण आठवड्यातून एकदा दट्ट्या सोडवा. खालची चकती फिरवली की जाळी, स्प्रिंगची चकती आणि भोकांची चकती अशी तीन बिऱ्हाडं वेगळी होतात. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या प्रेसमध्येही दोन चकत्यांच्या मध्ये काळं, चिकट कडं सापडतं. त्याला नाक लावा. जुन्या तेलाचा जो खवट वास येतो तोच रोज कपात जात असतो, आणि माणूस उगाच कॉफीचं पाकीट बदलत बसतो. भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. तारेची घासणी जाळीला लावू नका, तिचे धागे उसवतात.

उन्हाळ्यात हाच प्रेस गार कॉफीला वापरा. १ भाग जाड पूड, ८ भाग साधं पाणी, ढवळून झाकण ठेवायचं आणि रात्रभर, बारा ते सोळा तास, फ्रीजमध्ये. सकाळी ओतून घ्यायचं. हा अर्क तेवढंच पाणी किंवा दूध आणि बर्फ घालून प्यायचा, आणि फ्रीजमध्ये बाटलीत तीन-चार दिवस टिकतो.

आणि काच फुटलीच, तर अख्खा प्रेस टाकू नका. नुसती काच आणि नुसती जाळी सुटी मिळते. मागवण्याआधी फक्त मिलीवर जाऊ नका, जाळीचा व्यास पट्टीनं मोजून घ्या. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे प्रेस रुंदीला वेगळे असतात.